लेखणी कोणाच्या हाती?
रत्नागिरीतील नोंदवहीचा इतिहास आणि आपण

नोंदवही ही निर्जीव वस्तू आहे, असे मानण्याची चूक ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती त्यांना परवडते. आपल्याला ती परवडणार नाही. ज्या समाजाला शब्दाची बंदी होती, त्याच्याविषयी मात्र भरपूर लिहून ठेवले गेले. जात लिहिली गेली, वस्ती लिहिली गेली, कोणी काय सेवा करावी तेही लिहिले गेले. ते लिहिले कोणी, कशासाठी, आणि लिहिलेले कोणाच्या कपाटात राहिले, हा प्रश्न आपण इतिहासाला क्वचितच विचारला आहे. आज नगरपरिषद आणि ग्रामपंचायत घराघराची माहिती संगणकात भरत असताना तो विचारणे भाग आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न जुना आहे. इथे खोती होती. गावाचा वसूल आणि गावाचा हिशेब एकाच खोताच्या हाती असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने जमिनीची पाहणी करून कुळांची नावे कागदावर आणायला घेतली, तेव्हा खोतांनी कडवा विरोध केला. नाव लिहिले गेले की हक्क सांगता येतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्या झगड्यातून 1880 चा खोती कायदा आला. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. मधल्या काळात ज्याचे नाव कागदावर नव्हते, तो पिढ्यान्‌पिढ्या राबूनही उपराच राहिला. नोंद नसणे म्हणजे काय, हे कोकणातल्या भूमिहीनाला कोणी शिकवायला नको.

आणि नोंद असणे म्हणजे काय? गावात मेलेल्याची वर्दी पोचवणे हे महाराचे काम होते. पुढे कोतवाल जन्म-मृत्यूची खबर आणू लागला. गाव नमुना नंबर 14 या नोंदवहीला लोक आजही 'कोतवाल बुक' म्हणतात. तीत नावाबरोबर जात लिहिली जाई. म्हणजे उन्हापावसात माहिती गोळा करणारे पाय बहुधा आमचे, आणि ती लिहिणारी लेखणी दुसऱ्याची. या एका वाक्यात गावगाड्यातील माहितीचे सगळे राजकारण आले.

शाळेचेही तेच. दापोलीच्या कॅम्पात महार पेन्शनरांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकरांचे कार्य तिथूनच चालले. 1890 च्या दशकात नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना घ्यावे म्हणून या पेन्शनरांना अर्ज करावे लागले, आणि मुलांच्या वाट्याला आली ती शाळेची ओसरी. ज्या कागदाने मुलाला शाळेत घ्यायचे, त्याच कागदावरच्या जातीने त्याला बाहेर बसवायचे! मंडणगड तालुक्यातील आंबवडे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. निवृत्तीनंतर दापोलीत स्थायिक होण्याचा विचार सोडून सुभेदार रामजी साताऱ्याला गेले. तिथल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 या तारखेस 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. ते पान आज आपल्यासाठी पवित्र आहे. पण त्याच शाळेत भिवाला वर्गाच्या कोपऱ्यात आपल्या गोणपाटावर बसावे लागे, हे त्या पानावर लिहिलेले नाही. नोंदवही सर्व काही सांगत नाही. लिहिणाऱ्याला जे सोयीचे, तेवढेच ती सांगते.

मग 14 ऑक्टोबर 1956 उजाडला. आपण धर्म बदलला, कागद बदलला नाही. 1951 च्या जनगणनेत देशात सुमारे 1 लाख 80 हजार बौद्ध होते; 1961 मध्ये ते साडेबत्तीस लाखांवर गेले, त्यांतले सुमारे 28 लाख एकट्या महाराष्ट्रात. परंतु केंद्राच्या सवलतींसाठी बौद्ध हा अनुसूचित जातीचा मानला जाण्यास 1990 साल उजाडावे लागले. तोवर कित्येकांनी घरात बौद्ध आणि दाखल्यावर 'हिंदू महार' असे दुहेरी जगणे पत्करले. याला कोणी लबाडी म्हणेल. आम्ही म्हणू, की रकाना बनवणाऱ्याने माणसासमोर भाकर आणि स्वाभिमान यांपैकी एकच निवडण्याची अट घातली होती.

आता उलटी बाजू पाहा. ज्या नोंदीने आपल्याला हिणवले, तीच नोंद आज हक्कासाठी शोधावी लागते. महाराष्ट्राच्या जातप्रमाणपत्र कायद्यानुसार (2001 चा 23 वा) अनुसूचित जातीच्या अर्जदाराला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. आजोबांच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. ते शाळेत गेले नाहीत, म्हणून दाखला नाही. उरते ती नगरपालिकेची नाही तर गावची जन्म-मृत्यूची वही. ती वाळवीने खाल्ली, पावसात भिजली, तर नातीचे वैद्यकीयचे वर्ष अडते. म्हणून 'जातीची नोंदच नको' असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. नोंद जपली पाहिजे, आणि तिच्यापासून माणसालाही जपले पाहिजे. या दोन्ही मागण्या एकाच वेळी करणे, हीच आजची कसोटी आहे.

कायदा यात कुठे उभा आहे? 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने मृत्यूचे कारण दाखल्यावर उघड करू नये, एवढी काळजी घेतली. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर एकत्र आणल्या आणि मतदारयादी, शिधापत्रिका इत्यादींशी जोडण्याची वाट मोकळी केली. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितले. 2018 मध्ये न्या. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्याने जात ही विशेष संरक्षण लागणारी माहिती मानली होती. 2023 चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आला, तेव्हा तो वर्गच गळाला. शिवाय हा कायदा संगणकातल्या माहितीपुरता आहे. कपाटातली वही त्याच्या बाहेर. ज्या देशात माणसाचे आडनाव आणि पत्ता ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते, त्या देशाच्या कायद्याला जात ही मोबाईल नंबराइतकीच साधी माहिती वाटावी, याला काय म्हणावे?

पत्त्याचेच घ्या. कोकणातल्या वाड्या जातीच्या नावाने ओळखल्या जातात. घरपट्टीच्या पावतीवर वाडीचे नाव आले, की वेगळ्या रकान्याची गरज उरत नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलणे एका दिवसाचे काम आहे. नोंदवहीतले आणि लोकांच्या तोंडचे नाव एवढ्याने बदलत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर कुणबी नोंदी शोधण्यासाठी जुन्या वह्या उघडल्या गेल्या, पाने संकेतस्थळांवर चढली. ज्याला पुरावा हवा त्याला तो मिळावा, यात वाद नाही. पण गावच्या वहीच्या एका पानावर एकाच जातीची माणसे नसतात. शेजारच्या ओळीतल्यांना कोणी विचारले?

येथे एक सावधगिरी हवी. 2023 च्याच कायद्याने माहिती अधिकारातील 8(1)(ज) या कलमाची धार बोथट केली आहे. रमाई घरकुलाची यादी, दलित वस्तीच्या निधीचा हिशेब मागायला गेलेल्या कार्यकर्त्याला 'ही व्यक्तिगत माहिती आहे' असे उत्तर मिळण्याचा धोका वाढला आहे. खाजगीपणा गरिबाचा असतो; कार्यालयाच्या कारभाराला खाजगीपणा नसतो. ही रेघ आपण ओढली नाही, तर आपल्याच संरक्षणाच्या नावाने आपलेच तोंड बंद केले जाईल.

तेव्हा शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या नगरपरिषदेत, ग्रामसभेत चार साधे प्रश्न विचारावेत. ही माहिती कशासाठी घेता? ती कोण पाहतो? किती काळ ठेवता? चुकली तर दुरुस्त कोण करतो? आणि जुन्या वह्या कुठल्या खोलीत, कशा अवस्थेत आहेत, ते स्वतः जाऊन पाहावे. खोताला कुळाचे नाव कागदावर नको होते. आजच्या व्यवस्थेला आपले सगळेच कागदावर हवे आहे. दोन्ही वेळा लेखणी दुसऱ्याच्याच हाती राहिली. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले ते केवळ वहीत नाव यावे म्हणून नव्हे. वही वाचता यावी, तिच्यातली खोट दाखवता यावी, आणि गरज पडेल तेव्हा ती लिहिणाऱ्याला जाब विचारता यावा, म्हणून.