विद्युतअग्ररहित विसर्जन

विद्युतअग्ररहित विसर्जन म्हणजे पात्रात धातूचे विद्युतअग्र न बसवता, बाहेरील उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने कमी दाबाच्या वायूत घडवून आणलेले विद्युत विसर्जन होय. बंद काचपात्राभोवती तारेचे काही वेढे देऊन त्यांतून असा प्रवाह सोडला की आतील वायू प्रकाशमान होतो.

वायूत मोजके मुक्त इलेक्ट्रॉन नेहमीच असतात. बदलत्या विद्युत क्षेत्रात ते वेग घेतात आणि अणूंवर आदळून नवे इलेक्ट्रॉन मोकळे करतात. दाब जास्त असल्यास दोन टकरींमधील अंतर अपुरे पडून पुरेशी ऊर्जा मिळत नाही. दाब फारच उतरल्यास आदळण्यास अणूच सापडत नाहीत.

योहान हिट्टोर्फ यांनी १८८४ मध्ये लेडन जारमधील प्रभार वेटोळ्यातून सोडून हा आविष्कार पाहिला. केंब्रिज येथे जे. जे. थॉमसन यांनी १८९१ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास केला. पात्रात दिसणारे तेजस्वी कडे हा चुंबकीय प्रवर्तनाने निर्माण झालेला प्रवाह आहे, वायू जणू रोहित्राची दुय्यम गुंडाळीच, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी निकोला टेस्ला यांनी यास हरकत घेतली. त्यांच्या मते कारण होते वेटोळ्याच्या दोन टोकांमधील प्रचंड विभवांतर, म्हणजे स्थिरविद्युत क्षेत्र. पुढे जॉन टाउनसेंड यांनीही स्थिरविद्युत बाजूच उचलून धरली. ते एकेकाळी थॉमसन यांच्याच प्रयोगशाळेत होते, हे विशेष. हा वाद जवळजवळ चार दशके रेंगाळला. १९२९ मध्ये मॅकिनन यांनी दाखवले की आरंभीची मंद दीप्ती स्थिरविद्युत क्षेत्रामुळे असते, तर प्रवाह वाढल्यावर एकाएकी उमटणारे तेजस्वी कडे प्रवर्तनामुळे. वेटोळे आणि पात्र यांच्यामध्ये फटी ठेवलेला, भूसंपर्कित धातूचा पडदा घातल्यास कडे टिकते. मात्र विसर्जन पेटवणे अवघड होते.

नेहमीच्या ट्यूबलाइटचे आयुष्य मुख्यतः विद्युतअग्रांच्या झिजेने संपते. ती झीजच टाळणारा, २.६५ मेगाहर्ट्झवर चालणारा प्रवर्तन दिवा फिलिप्स कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. संगणकातील चिपांवरील सूक्ष्म कोरीवकामासाठी लागणारा प्लाझ्माही याच रीतीने, बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झवर, तयार करतात. रासायनिक विश्लेषणातील आर्गॉनची प्लाझ्मा-ज्योत मात्र वातावरणीय दाबावर चालते.