सामन्याचा दिवस आणि इतिहासाचा पुरावा

पुण्याहून नगर-रस्त्यानें निघालें म्हणजे वाघोली लागते. २०२१ सालीं हें गांव पुणें महापालिकेंत गेलें. शेतांच्या जागीं उंच इमारती त्याच्या आधींपासूनच उठूं लागल्या होत्या. तथापि वाघेश्वराच्या देवळाजवळ पिलाजीराव जाधवरावांची समाधि अद्याप उभी आहे. १७२९ च्या बुंदेलखंडाच्या स्वारींत पहिल्या बाजीरावाबरोबर असलेले हे सरदार कोणत्या मोहिमेंत होते, हें कागदपत्रांवरून कळतें. परंतु लढाईच्या दिवशीं ते पहाटे केव्हां उठले, शिबंदीशीं काय बोलले, कोणत्या क्षणीं त्यांस शंका आली, हें कोणीं टिपून ठेवलेलें नाहीं. पराक्रमाचा निकाल तेवढा आपल्या हातीं लागतो. ज्या दिवशीं तो घडला तो दिवस हरवून जातो.

हा विचार आमच्या मनांत येण्यास एक माहितीपट कारण झाला. याच गांवीं एका स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या मुलाच्या आग्रहावरून आम्हीं तो पाहिला. मुलगा बास्केटबॉल खेळतो. १८९१ च्या डिसेंबरांत जेम्स नायस्मिथ यांनीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें हिवाळ्यांत घरांत खेळतां यावा म्हणून काढलेला हा खेळ आतां वाघोलीच्या मुलांचाहि झाला आहे. माहितीपटाचा नायक कोबी ब्रायंट, दिग्दर्शक स्पाइक ली. १३ एप्रिल २००८ रोजीं लॉस अँजेलिसचा लेकर्स व सॅन अँटोनियोचा स्पर्स या संघांत जो सामना झाला, त्यांत तीस कॅमेरे या एका खेळाडूवर रोखलेले होते. त्यापूर्वीं २००५ सालीं फुटबॉलपटु झिदान याच्यावर सतरा कॅमेरे लावून असाच एक चित्रपट करण्यांत आला होता. लीला कल्पना तेथूनच सुचली.

आम्हांस सर्वांत नवल वाटलें तें ब्रायंटच्या बोलण्याचें. प्रेक्षकास दुरून त्याची उडी आणि चेंडूची फेंक तेवढी दिसते. येथें तो सर्व वेळ बोलत असलेला दिसतो. सहकाऱ्यास जागा दाखवितो, प्रतिपक्षाची पुढची चाल आधींच सांगतो, विश्रांतीच्या वेळींहि गप्प बसत नाहीं. शरीराइतकीच बुद्धि येथें राबत असते, हें निकालपत्रकावरून कधींच कळलें नसतें.

मात्र इतिहासाच्या अभ्यासकानें येथें सावध राहिलें पाहिजे. चित्रावर जें निवेदन ऐकूं येतें तें ब्रायंटनें पुढें २००९ सालीं ध्वनिमुद्रित केलें. म्हणजे येथें नायक हाच आपला बखरकार! निकाल ठाऊक झाल्यावर मनुष्य आपल्या प्रत्येक कृतीस हेतु जोडतो. बखरी वाचतांना आपण जी चाळण लावतों, तीच येथेंहि लावावी लागेल. चित्र त्या दिवसाचें आहे. शब्द नंतरचे आहेत. २०२० च्या जानेवारींत ब्रायंट हेलिकॉप्टरच्या अपघातांत मरण पावला, त्यामुळें आतां त्या शब्दांविषयीं त्यास उलट प्रश्न विचारण्याचीहि सोय राहिली नाहीं.

हें सारें परदेशी नवल समजून सोडून देऊं नये. हिंदुस्थानांतील पहिल्या चलच्चित्रांपैकीं एक खेळाडूंचेंच होतें, आणि तें घेणारा गृहस्थ मराठी होता. १८९६ च्या जुलैंत मुंबईस वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डन येथें पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चित्रित केली. फीत धुण्यासाठीं विलायतेस पाठवावी लागली. पुढें १९०१ सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तो प्रसंगहि सावेदादांनींच टिपला. त्या कुस्तीची फीत आज पाहावयास मिळत नाहीं. दोन मल्लांचीं नांवें तेवढीं उरलीं. त्यांची तालीम, त्यांचे वस्ताद, त्यांचा खुराक, कुस्तीच्या सकाळची त्यांची मनःस्थिति, यांपैकीं कांहींच उरलें नाहीं.

वाघोलीच्या पुढें लोणीकंदजवळ फुलगांव आहे. २०२३ च्या नोव्हेंबरांत तेथें महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली आणि सिकंदर शेख यानें शिवराज राक्षे यास अर्ध्या मिनिटाच्या आंत चीत केलें. हजारों लोकांनीं ती पाहिली, आणि आज ती कोणासहि पुन्हां पाहतां येते. पण त्या अर्ध्या मिनिटामागें पहाटेच्या जोरबैठका, लाल मातींतील लढती आणि घरच्यांनीं पोटास चिमटा घेऊन पुरविलेला खुराक अशीं किती वर्षें असतात! तीं कोण टिपणार?

माहितीपट पाहून झाल्यावर त्या मुलानें आम्हांस विचारलें, "आपल्याकडच्या पैलवानाचा असा एखादा दिवस कोणीं काढला आहे का हो, काका?" आम्हांस चटकन् नांव सांगतां आलें नाहीं. तीस कॅमेरे नकोत. एखाद्या तालमींत पहाटेपासून रात्रीपर्यंत टिकून बसणारा एक पुरे. सावेदादांपाशीं तरी एकच होता.