खिळे जुळवणारी मुले

प्राथमिक शाळेत बातमी लिहावयास शिकवण्याची आपली रीत ठरलेली आहे. शिक्षक फळ्यावर 'शाळेत स्नेहसंमेलन उत्साहात साजरे' असा मथळा देतात आणि मुले तो उतरवून घेतात. ऐन नाटकात पडदा अडकला होता, ही खरी बातमी मात्र एकाही वहीत सापडत नाही. हा दोष मुलांचा नाही, असे आम्हांस वाटते. जे शिक्षकांनी डोळ्यांनी पाहिले आहे, तेच पुन्हा शिक्षकांना का सांगावे, हे त्यांना उमगत नाही.

सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने ही अडचण वेगळ्याच वाटेने सोडवली. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती. १९२० च्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू या गावच्या शाळेत ते रुजू झाले, तेव्हा तासन्‌तास बोलणे त्यांना झेपत नव्हते. म्हणून ते मुलांना घेऊन रानात, कारागिरांच्या दुकानांत हिंडू लागले. परतल्यावर पाहिलेले सारे फळ्यावर लिहिले जाई. परंतु फळा पुसला की सगळे पुसले जाई.

१९२४ मध्ये त्यांनी एक लहानसे हातछपाईचे यंत्र वर्गात आणले. मुले आपले लेखन वाचून दाखवीत, त्यांतील एक सर्वांच्या मताने निवडले जाई, सगळे मिळून त्यावर हात फिरवीत आणि मग खिळे जुळवावयास बसत. ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे, त्यांना हे काम किती चिकाटीचे ते सांगावयास नको. अक्षर उलटे, ओळ उलटी. एक खिळा चुकला तर शंभर प्रतींत चूक. शब्दाचे मोल कळण्यास याहून चांगली शाळा आम्हांस ठाऊक नाही. पाल्हाळ तर आपोआपच गळून पडते.

यानंतर ब्रिटनीतील त्रेगुंक येथील शिक्षक रने दानिएल यांच्या वर्गाशी छापील पानांची देवघेव सुरू झाली. आम्हांस या साऱ्या प्रयोगाचे मर्म येथे दिसते. बार-स्युर-लू हे नारिंगाच्या फुलांचे गाव, तर त्रेगुंक अटलांटिकच्या किनाऱ्यावरचे. आपल्या अंगणातील रोजचीच गोष्ट सातआठशे मैलांवरच्या मुलाला ठाऊक नाही, हे ध्यानात आले की कोण, कुठे, केव्हा, कसे हे प्रश्न शिक्षकाला विचारावे लागत नाहीत. बातमीला न पाहिलेला वाचक लागतो; तो फ्रेने यांनी टपालाने मिळवून दिला. पुढे निरनिराळ्या शाळांतील असे लेखन 'ला जर्ब' या मुलांच्या नियतकालिकात येऊ लागले.

छापलेला शब्द मात्र गावातही वाचला जातो. १९२८ पासून फ्रेने सँ-पॉल येथे शिकवीत होते. शाळेच्या साहित्याचा खर्च देण्यावरून तेथील महापौरांशी वाद होता. एका मुलाने आपले स्वप्न लिहिले: वर्ग महापौरांवर चालून जातो आणि त्यांचा वध होतो. १९३२ च्या डिसेंबरात हाच मजकूर भित्तिपत्रकांवर छापून गावात लावण्यात आला. वादळ आले ते न घडलेल्या गोष्टीपायी! १९३३ च्या एप्रिलात शाळेसमोर निदर्शने झाली. पॅरिसमधील उजव्या गटाची वृत्तपत्रेही त्यात उतरली. त्यांची बदली करण्यात आली. ती त्यांनी स्वीकारली नाही.

त्यांनी मजकूर आधी तपासून गाळावयास हवा होता, असे म्हणणारे आजही भेटतील. आमचे मत तसे नाही. त्या दिवसापासून मुलांनी पुन्हा 'उत्साहात साजरे'च लिहिले असते. १९३५ मध्ये जवळच्याच व्हांस येथे फ्रेने यांनी स्वतःची शाळा उघडली. छपाईचे यंत्र तेथेही होते.