मोटार-अपघात विमा व चालकाचा परवाना

मोटार-अपघातात सापडलेल्या त्रयस्थ व्यक्तीस भरपाई देण्याचे विमा कंपनीचे दायित्व चालकाच्या परवान्यावर कितपत अवलंबून असावे, हा मोटारविषयक विधीतील एक जुना प्रश्न आहे. विमा हा कंपनी व वाहनमालक यांच्यातील करार असल्याने, अटीचा भंग झाल्यास कंपनी दायित्वातून मुक्त होई. तथापि चालकाचा परवाना तपासणे पादचाऱ्याच्या हाती नसते.

ग्रेट ब्रिटनमध्ये १९३० च्या अधिनियमाने असा विमा सक्तीचा झाला. त्याच धर्तीवरील भारताच्या १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातील विमाविषयक तरतुदी १ जुलै १९४६ पासून अंमलात आल्या. कलम ९६ ने कंपनीस मोजकेच बचाव ठेवले. चालकास रीतसर परवाना नसणे हा त्यांपैकी एक होय.

१९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात, चालक इंजिन चालू ठेवून खाद्यपदार्थ आणण्यास उतरला असता परवाना नसलेल्या क्लीनरने ट्रक चालविल्याने अपघात घडला होता. मालकाने परवानाधारक चालक नेमलेला असल्याने अटीचा भंग त्याने केला नाही, असे ठरवून न्यायालयाने कंपनीस जबाबदार धरले.

१९८८ च्या अधिनियमातही हा बचाव कायम राहिला. मात्र परवाना बनावट वा मुदतबाह्य असणे एवढेच पुरेसे नाही. मालकाची हयगय कंपनीने सिद्ध केली पाहिजे, असा निर्णय २००४ मध्ये त्याच न्यायालयाने दिला. ती सिद्ध झाली, तरी कंपनीने आधी त्रयस्थास भरपाई द्यावी व मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरणास देता येतो. करारातील दोषाचा भार निरपराध व्यक्तीवर पडू नये, हे या विधिविकासाचे मुख्य सूत्र होय.