हिवाळ्यातील जलतरण तलाव : ऊब हवी, पण बिल आवाक्यात हवे

डिसेंबर उजाडला की पुणे, नाशिक परिसरातील गृहसंकुलांचे जलतरण तलाव ओस पडू लागतात. दुपारी ऊन चटका देत असले तरी पहाटेचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि तलावाचे पाणी अंगाला झोंबू लागते. पोहायला शिकणारी मुले आणि सांधेदुखीसाठी पाण्यात व्यायाम करणारे ज्येष्ठ नागरिक यांची त्यामुळे पंचाईत होते. मग वार्षिक सर्वसाधारण सभेत हीटर बसवण्याचा विषय निघतो आणि पाठोपाठ न पोहणाऱ्या सभासदांचा सवालही येतो : हा भुर्दंड आमच्या देखभाल शुल्कातून का? दोन्ही बाजू रास्त आहेत. वादाचा निकाल मात्र विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून नव्हे, तर साध्या गणितातून लागू शकतो.

उष्णतेचा हिशेब

एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यासाठी १.१६ युनिट उष्णता लागते. उदाहरणादाखल १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलाव घेऊ. त्यात ९० हजार लिटर पाणी मावते. ते २० अंशांवरून २८ अंशांवर न्यायचे, तर सुमारे ८४० युनिट उष्णता हवी. हा झाला एकदाच येणारा खर्च. खरी गळती त्यानंतर रोज सुरू राहते.

उघड्या तलावाची बहुतांश उष्णता बाष्पीभवनातून जाते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार हे प्रमाण सुमारे ७० टक्के असते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडते तेव्हा ते जवळपास ०.६८ युनिट उष्णता सोबत नेते. तेवढ्या उष्णतेत ५८० लिटर पाणी एक अंशाने तापले असते. वरील तलावाची पातळी दिवसाला केवळ चार मिलिमीटरने खाली गेली, तरी २८८ लिटर पाणी आणि सुमारे १९५ युनिट उष्णता हवेत विरते. दख्खनच्या पठारावरील कोरडी हवा आणि निरभ्र रात्री या गळतीत भरच घालतात.

आधी आच्छादन, मग हीटर

म्हणूनच पहिली खरेदी हीटरची नव्हे, तर आच्छादनाची असावी. पाण्यावर तरंगणारे, बुडबुड्यांचे प्लास्टिक आच्छादन बाष्पीभवन रोखते. नियमित वापर केल्यास तापवण्याच्या खर्चात ५० ते ७० टक्के बचत शक्य असल्याचे याच विभागाचे मार्गदर्शन सांगते. शिवाय टँकरचे पाणी आणि क्लोरीनही वाचते. पारदर्शक आच्छादनातून दिवसाचे ऊन पाण्यापर्यंत पोहोचते, हा आणखी एक लाभ.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. पोहण्यापूर्वी आच्छादन पूर्णपणे काढलेच पाहिजे. अर्धवट झाकलेल्या तलावात मूल खाली अडकण्याचा धोका असतो. आच्छादनावर पाऊल ठेवण्यासही सक्त मनाई असावी.

तलाव वाऱ्याच्या तोंडी असेल तर कडेने दाट झुडपांचे कुंपण उपयोगी पडते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेला उंच इमारत असलेल्या तलावाला फुकटचे ऊन कमी मिळते आणि हीटरवरचा भार वाढतो. अंदाजपत्रक करताना हे ध्यानात घ्यावे.

चार पर्यायांची तुलना

विजेचा साधा हीटर : किंमत कमी, बसवणे सोपे. मात्र एक युनिट विजेतून तो एकच युनिट उष्णता देतो. विजेचा दर युनिटला १२ रुपये धरला, तर वरील तलाव पहिल्यांदा तापवण्यासच सुमारे १० हजार रुपये लागतील. मोठ्या तलावासाठी हा पर्याय परवडणारा नाही.

हीट पंप : हे यंत्र वातानुकूलन यंत्राच्या उलट काम करते. हवेतील उष्णता ओढून ती पाण्याला देते. अनुकूल हवेत एका युनिट विजेमागे चार ते पाच युनिट उष्णता मिळते. चारपट धरली तरी तेच काम सुमारे २१० युनिटांत, म्हणजे अडीच हजार रुपयांत होते. यंत्र महाग आणि काहीसे संथ असते. तरी रोज वापरल्या जाणाऱ्या तलावासाठी ते सहसा किफायतशीर ठरते.

गॅस हीटर : तो पाणी झपाट्याने तापवतो आणि थंड हवेतही त्याची कार्यक्षमता टिकते. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधून, ८५ टक्के कार्यक्षमता धरल्यास, साधारण २०५ युनिट उष्णता मिळते. म्हणजे वरील कामासाठी चार सिलिंडर हवेत. रोजच्या वापरासाठी हा खर्च मोठा आहे. शनिवार-रविवारपुरत्या किंवा शिबिरापुरत्या वापराला मात्र गॅस सोयीचा.

सौर संग्राहक : तलावासाठी काळ्या प्लास्टिकच्या, काच नसलेल्या साध्या पट्ट्या पुरतात, कारण पाणी केवळ २८-३० अंशांपर्यंतच न्यायचे असते. त्यांचे क्षेत्रफळ तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्मे ते तेवढेच लागते. उदाहरणातील तलावाला ३६ ते ७२ चौरस मीटर दक्षिणमुखी गच्ची हवी. इंधनखर्च नाही. फक्त पंपाची वीज लागते. गच्चीवर आधीच वीजनिर्मितीचे सौर पॅनेल असतील, तर त्या विजेवर हीट पंप चालवणे हाही विचार करण्याजोगा मार्ग आहे. एक किलोवॉटचा संच स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो.

खरेदी करताना काय विचारावे?

हीट पंपावरील किलोवॉटचा ठळक आकडा बहुधा उष्णतेचा असतो, विजेच्या वापराचा नव्हे. दोन्ही आकडे स्वतंत्रपणे लिहून घ्यावेत. माहितीपत्रकातील कार्यक्षमता अनेकदा २६-२७ अंशांच्या हवेतील असते. विक्रेत्याकडून १५ अंशांच्या हवेतील आकडा मागावा. उदाहरणातील तलाव आच्छादनासह दोन दिवसांत तापवायचा, तर २० ते २५ किलोवॉट उष्णता देणारे यंत्र पुरेसे ठरते. क्लोरीनयुक्त पाण्यात टायटॅनियमचा उष्णता-विनिमयक तांब्यापेक्षा अधिक टिकतो. हीटर गाळणीनंतर आणि क्लोरीन सोडण्याच्या जागेआधी जोडावा. बोअरवेलचे पाणी जड असेल तर आत क्षार साचतात. त्यामुळे पाण्याचा सामू ७.२ ते ७.६ दरम्यान राखणे गरजेचे.

चालवतानाची शिस्त

स्पर्धांसाठी पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश असावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. सर्वसाधारण पोहण्यास २७-२८ अंश पुरतात. लहान मुले आणि ज्येष्ठांसाठी ते ३० अंशांपर्यंत न्यावे लागते. मुळात २० अंशांचे पाणी २८ वर राखायचे असेल, तर थर्मोस्टॅट एका अंशाने खाली आणल्यावर खर्च ढोबळमानाने आठव्या हिश्शाने घटतो.

हीट पंप दुपारी चालवावा, कारण हवा उबदार असताना त्याची कार्यक्षमता वाढते. वेळेनुसार वीजदर लागू असलेल्यांनी बिलावरील सवलतीचे तासही तपासावेत. सूर्यास्तानंतर तलाव झाकावा. दीर्घ सुट्टीत हीटर बंद ठेवावा. गाळणीची उलट धुलाई गरजेपुरतीच करावी, कारण वाहून जाणाऱ्या प्रत्येक हजार लिटरसोबत नऊ युनिटांहून अधिक उष्णता जाते. गळतीची शंका असल्यास पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर ठेवून दोन्हींच्या पातळ्यांवर खूण करावी. चोवीस तासांत तलावाची पातळी बादलीपेक्षा अधिक उतरली, तर गळती आहे असे समजावे.

शेवटी, हीटरला स्वतंत्र वीजमीटर अवश्य बसवावा. महिन्याचा नेमका आकडा सूचना फलकावर लागला की वापरकर्त्यांकडून किती आणि सर्वांकडून किती घ्यायचे, हे सभेला आकड्यांच्या आधारे ठरवता येते. आच्छादन रोज कोण घालणार आणि कोण काढणार, याचा निर्णयही त्याच सभेत व्हावा. ती जबाबदारी कोणाचीच नसेल, तर सर्वांत कार्यक्षम हीटरही रात्रभर आकाशच तापवत राहील.