गोव्याचे कलम, वेंगुर्ल्याचा संकर

ताम्हिणीचा घाट मुळशीला कोकणाशी जोडतो. घाटमाथ्यावर वाड्यावस्त्यांच्या आसपास आंब्याची जी जुनी झाडे दिसतात ती बहुतेक रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेली. एकाचे फळ आंबट, दुसऱ्याचे तंतुमय, तिसऱ्याचा रस मधासारखा. एकाच झाडाच्या दोन कोयी रुजविल्या तरी दोन्ही झाडांची फळे सारखी निघत नाहीत. घाट उतरून माणगावमार्गे रत्नागिरीकडे गेले की चित्र पालटते. तेथे हजारो झाडे, परंतु फळ एकच: हापूस. या दोन चित्रांमधील अंतर म्हणजे कलम, आणि त्या कलमाच्या इतिहासात गोव्यातील आपल्या धर्मगुरूंचा वाटा आहे. त्याविषयी आपल्याकडे कौतुकाने बरेच सांगितले जाते, तपासून मात्र थोडे.

हापूस हे नाव ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावावरून आले, हे सर्वमान्य आहे. हा अफोन्सो म्हणजे गोवा जिंकणारा अफोन्सो द आल्बुकेर्क होय आणि त्याच्या सन्मानार्थ येशूसंघीयांनी हे कलम बांधले, असे सांगण्यात येते. कालगणना पाहिली तर आल्बुकेर्क १५१५ मध्ये निवर्तला; येशूसंघाला मान्यता मिळाली १५४० मध्ये आणि संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले १५४२ मध्ये. तेव्हा विजेत्याचा सन्मान झालाच असेल तर तो मरणोत्तर. याउलट, १७०० च्या सुमारास लिहिणाऱ्या मनूची या व्हेनिसच्या प्रवाशाने गोव्यातील उत्तम आंब्यांची जी यादी दिली आहे तीत ‘निकोलाव अफोन्सो’ हे नाव आढळते. हापूसचा अफोन्सो हा कोणी सेनापती नसून एखादा साधा बागाईतदारही असू शकेल. मला स्वतःला हे दुसरे अनुमान अधिक आवडते. गोव्यातील फर्नांदिन, हिलारियो, कुलास ही नावेही माणसांचीच आहेत. त्यांत सेनापती कोणी नाही.

भेटकलमाची रीत पोर्तुगीज काळात आणि विशेषतः येशूसंघीयांच्या मळ्यांतून या किनाऱ्यावर रूढ झाली, असे मानले जाते. कुंडीतील रोप उत्तम झाडाच्या फांदीला भेटवायचे, दोन्हींची साल तासून एकत्र बांधायची, सांधा जुळला की फांदी मूळ झाडापासून सोडवायची. या कृतीने त्यांनी एक मोठे काम केले. रायवळाच्या गर्दीत दैवयोगाने निपजलेले उत्तम झाड त्यांनी ओळखले आणि त्याला मरू दिले नाही. आजचे प्रत्येक हापूसचे झाड त्या जुन्या झाडाचाच विस्तार आहे.

परंतु कलम जसे गुण राखते तसेच दोषही राखते. हापूस एक वर्ष भरभरून येतो, दुसऱ्या वर्षी हात आखडतो. शिवाय बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापावे तर आत साका: पांढरट, आंबूस, न पिकलेला गर. हे दोष काढायचे तर नवे झाड जन्माला घालावे लागते, आणि ते मोहोरातच शक्य आहे.

त्या विद्येचा पाया ब्रनो येथील मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टिनियन धर्मगुरूने घातला. त्याचा वाटाण्यावरील निबंध १८६६ मध्ये छापला गेला, पण जगाने तो ओळखला १९०० मध्ये. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १९११ मध्ये, पुण्यात बर्न्स व प्रयाग या दोघांनी आंब्याच्या संकराचे प्रयोग सुरू केले. भारतातील हा पहिला पद्धतशीर प्रयत्न.

हे काम किती चिकाटीचे असते, ते पाहावे. आंब्याच्या एका तुऱ्यात हजारांनी फुले असतात, त्यांतील बहुतेक केवळ नर. द्विलिंगी फूल शोधून, परागकोश फुटण्यापूर्वीच ते चिमट्याने काढून टाकायचे, तुऱ्यावर पिशवी चढवायची, दुसऱ्या जातीचे पराग आणून कुक्षीला लावायचे आणि पिशवी पुन्हा बांधायची. एवढे करून बहुतेक फुले गळतात. हजारात एखाददुसरेच फळ पिकेपर्यंत टिकते, आणि त्या फळात कोय एकच. ती रुजवून फळ चाखायला आणखी कित्येक वर्षे. वाटाण्याच्या शेंगा मोजणाऱ्या मेंडेलचा हेवा वाटावा, अशी ही परीक्षा!

कोकणात या परीक्षेला यश आले ते वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात. तेथील संशोधकांनी दक्षिणेतील नीलम निवडला. नीलम दरवर्षी फळतो व त्यात साका होत नाही. नीलम मातृवृक्ष आणि हापूस पितृवृक्ष, यांच्या संकरातून ‘रत्ना’ आली. ती १९८१ मध्ये प्रसारित झाली. फळ हापूसपेक्षा मोठे, गर बिनरेषेचा, साका नाही. मग रत्नाचा पुन्हा हापूसशीच संकर केला गेला आणि १९९२ मध्ये ‘सिंधू’ आली. तिची कोय इतकी पातळ की फळ जवळजवळ सगळे गरच. पुढे हापूस मातृवृक्ष व नीलम पितृवृक्ष असा उलट संकर करून ‘सुवर्णा’ ही जात निघाली. कोणा अज्ञात हातांनी गोव्यात जपलेले झाड असे तीनदा नव्या पिढीचे जनक-जननी झाले.

मग बागाईतदारांनी हापूस तोडून रत्ना का लावली नाही? बाजार चव विकत घेत नाही, नाव विकत घेतो. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले; त्या नावाखाली हापूसच्या या लेकीला जागा नाही. पेटीवर ‘रत्ना’ लिहिले की गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस करतो. म्हणून अनेक बागांत ती कडेला चार-दोन झाडांपुरतीच राहिली आहे. बरेचदा मालक ती पेटी विकतच नाही, घरच्यांसाठी ठेवतो.