दुग्धत्याग आणि 'सायनसची डोकेदुखी' : एका पथ्याचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

'सायनस' हा मूळचा लॅटिन शब्द असून खोलगट जागा किंवा पोकळी असा त्याचा अर्थ आहे. कपाळ, गाल व नाकाच्या मुळाजवळची हाडे यांच्यात हवेने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात, त्यांना शरीरशास्त्रात हे नाव आहे. जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाला या पोकळ्या असतात. तरीही मराठी बोलण्यात 'तिला सायनस आहे' असे एखाद्या आजाराविषयी बोलावे तसे म्हटले जाते. अवयवाचे नाव हेच रोगाचे नाव झाले आहे. या रोगाला जोडूनच एक पथ्य सांगितले जाते : दूध, दही, ताक बंद करावे, म्हणजे कफ कमी होतो व डोके हलके होते. हे पथ्य पाळून बरे वाटल्याचे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. दूध सोडल्यावर काहीच फरक पडला नाही असे सांगणारेही तितकेच भेटतात.

या पथ्याकडे निव्वळ समजूत म्हणून पाहणे अथवा ते सिद्ध सत्य मानणे, हे दोन्ही मार्ग सोपे आहेत. प्रस्तुत लेखात तिसरा मार्ग स्वीकारला आहे. दूध, कफ आणि डोकेदुखी या तीन गोष्टी एकमेकींशी कधी व कशा जोडल्या गेल्या, याचा इतिहास पाहिल्यास या पथ्याचे खरे मूल्य ठरविता येते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) दूध व डोकेदुखी यांच्या संबंधाविषयी प्राचीन वैद्यकाची भूमिका समजून घेणे.
२) कफ व नाकातील स्राव यांविषयीच्या कल्पनांत झालेले बदल पाहणे.
३) विसाव्या व एकविसाव्या शतकांतील प्रयोगांच्या आधारे या पथ्याचे मूल्यमापन करणे.

प्राचीन ग्रीक वैद्यक :

हिपोक्रेटीसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसंग्रहात सूत्ररूप वचनांचा एक भाग आहे. त्याच्या पाचव्या विभागात डोकेदुखी असलेल्या माणसास दूध देणे अहितकारक आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. हे पथ्य किमान दोन हजार वर्षांहून जुने आहे, याचा हा पुरावा होय. परंतु तेच सूत्र पुढे ज्वर, अतिशय तहान, पित्तयुक्त जुलाब अशा इतर अवस्थांतही दूध वर्ज्य सांगते आणि तीव्र ताप नसलेल्या क्षयरोग्यास मात्र ते हितकारक ठरविते. म्हणजे दूध सरसकट वाईट, असा या सूत्राचा आशय नाही. रोग्याची अवस्था पाहून दिलेला तो निर्णय आहे.

ग्रीक वैद्यकात शरीराचे स्वास्थ्य रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त या चार द्रवांच्या समतोलावर अवलंबून मानले जात असे. कफ हा थंड व ओलसर. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गॅलेनच्या परंपरेत मेंदूतील टाकाऊ द्रव खाली उतरून नाकावाटे व टाळूवाटे बाहेर पडतो, अशी कल्पना रूढ झाली. त्यामुळे नाक वाहणे हे डोक्याच्याच विकाराचे लक्षण ठरले. बाराव्या शतकाच्या अखेरीस मैमोनिडीस या ज्यू वैद्याने इजिप्तमध्ये दम्यावर लिहिलेल्या ग्रंथात दूध टाळण्याचा सल्ला दिला, तोही याच विचारचौकटीतून. आहारातून कफ वाढतो, कफ डोक्यात साठतो व तेथून छातीत उतरतो, अशी ही साखळी होती.

आयुर्वेदाची भूमिका :

महाराष्ट्रातील घराघरांत हे पथ्य आयुर्वेदाच्या नावाने सांगितले जाते. म्हणून संहितांतील मूळ भूमिका पाहणे आवश्यक ठरते. चरकसंहितेत गाईच्या दुधाचे दहा गुण सांगितले आहेत. त्यांत शीत, स्निग्ध, गुरू व पिच्छिल हे गुण येतात, आणि हेच गुण कफाचेही आहेत. त्यामुळे दूध कफ वाढविते या समजुतीला शास्त्राचा आधार आहे, हे मान्य करावे लागते. नीट न विरजलेले, म्हणजे मंदक दही हे स्रोतसांत अवरोध निर्माण करणाऱ्या पदार्थांत प्रमुख मानले आहे. रात्री दही खाऊ नये, दुधाबरोबर मासे खाऊ नयेत, हे नियमही याच संहितेत आहेत.

परंतु चित्राची दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. हीच संहिता दुधाला जीवनीय पदार्थांत श्रेष्ठ मानते. त्याहून लक्षणीय बाब अशी की, दही कोणत्या विकारांत उपयुक्त आहे याची यादी देताना चरकसंहिता 'पीनस' या नासारोगाचा समावेश करते. घरगुती नियमाच्या अगदी उलट असे हे विधान आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोगांची गणना केली आहे. सूर्य चढत जाईल तसतशी वाढणारी व तो कलल्यावर शमणारी वेदना 'सूर्यावर्त', तर डोक्याच्या अर्ध्या भागातील वेदना 'अर्धावभेदक', जिला मराठीत अर्धशिशी म्हणतात. वातजन्य शिरोरोगाच्या उपचारांत तर दूध व तूप यांचाच उपयोग सांगितला आहे.

याचा अर्थ असा की, आयुर्वेदात डोके दुखते म्हणून दूध बंद, असा एकच नियम नाही. दोष कोणता, दूध की दही, दही कसे विरजलेले, ऋतू कोणता, वेळ कोणती, हे सर्व विचारात घेऊन पथ्य ठरत असे. आज घरांत उरलेला नियम हा या विस्तृत विचाराचा संक्षेप होय. संक्षेप होताना त्यातील अटी गळून पडल्या.

सतरावे शतक : पडशाच्या उगमाचा शोध :

युरोपात मेंदूतून कफ उतरतो ही कल्पना दीर्घकाळ टिकली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचे नावही लॅटिनमधील कफवाचक शब्दावरून आले आहे. इ. स. १६५१ मध्ये नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने गालाच्या हाडातील पोकळीचे सविस्तर वर्णन केले. त्याने एका स्त्रीची हकिकत नोंदविली आहे. दात काढल्यानंतर तिच्या जबड्यातील छिद्रातून सतत स्राव येई. छिद्राची खोली पाहण्यासाठी तिने आत पिसाची काडी घातली. ती इतकी आत गेली की, आपण मेंदूपर्यंत पोहोचलो या भीतीने ती घाबरली. प्रत्यक्षात काडी त्या पोकळीतच फिरत होती. नाकातील द्रवाचा संबंध मेंदूशी जोडणाऱ्या समजुतीची पकड जनमानसावर किती होती, हे या प्रसंगातून दिसते.

ही समजूत मोडण्याचे श्रेय मुख्यत्वे विटेनबर्ग येथील प्राध्यापक कॉनराड व्हिक्टर श्नायडर यांना जाते. १६६० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या पडशावरील ग्रंथात त्यांनी दाखविले की, कवटीच्या तळातून असा द्रव उतरण्याचा मार्गच नाही. नाकातील स्राव नाकाच्या आतील आवरणातच तयार होतो. हे आवरण पुढे त्यांच्याच नावाने ओळखले गेले.

या शोधाने एक मोठा बदल घडविला. प्राचीन वैद्यकातील 'कफ' हे शरीरव्यापी तत्त्व होते, तर श्नायडर यांच्यानंतरचा स्राव हा एका विशिष्ट आवरणाचे कार्य ठरला. या दोन गोष्टी एकच नाहीत. तरीही लोकभाषेत दोहोंना 'कफ' हा एकच शब्द राहिला. दूध कफ वाढविते हे शास्त्रवचन, दूध प्यायल्याने नाकात अधिक स्राव होतो या भौतिक विधानात नकळत रूपांतरित झाले.

विसावे शतक : श्लेष्ममुक्त आहार आणि ॲलर्जी :

विसाव्या शतकाच्या आरंभी या पथ्याला दोन भिन्न दिशांनी नवे बळ मिळाले. पहिली दिशा निसर्गोपचाराची. जर्मनीतून अमेरिकेत स्थायिक झालेल्या आर्नोल्ड एहरेट यांनी १९२२ मध्ये श्लेष्ममुक्त आहारपद्धतीचा पुरस्कार करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. बहुतेक रोगांचे मूळ आहारातून निर्माण होणाऱ्या श्लेष्म्यात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दूध व दुधाचे पदार्थ त्यांनी श्लेष्मकारक ठरविले. या मतास प्रयोगाचा आधार नव्हता.

दुसरी दिशा वैद्यकीय संशोधनाची. १९०६ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' ही संज्ञा मांडली. १९२७ मध्ये वॉरन व्हॉन यांनी अन्नाच्या ॲलर्जीतून उद्भवणाऱ्या मायग्रेनवर लेख लिहिला. कॅलिफोर्नियातील आल्बर्ट रो यांनी वर्जन-आहाराची पद्धत विकसित केली. दूध, अंडी, गहू असे संशयित पदार्थ काही काळ पूर्णपणे वगळायचे, लक्षणे कमी झाल्यास एकेक पदार्थ पुन्हा सुरू करून पाहायचा, अशी ही पद्धत होती. तिचे वैशिष्ट्य पदार्थ सोडण्यात नव्हते, तर पुन्हा सुरू करून पाहण्यात होते. लोकव्यवहारात पहिला भाग उचलला गेला आणि दुसरा विसरला गेला.

प्रयोगांची साक्ष :

दूध व नाकातील स्राव यांच्या संबंधाची थेट चाचणी ऑस्ट्रेलियात झाली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६० निरोगी प्रौढांना सर्दीच्या विषाणूची लागण करण्यात आली. त्यांचे दूध पिण्याचे प्रमाण दिवसाला शून्यापासून अकरा पेल्यांपर्यंत होते. त्यांच्या नाकातील स्रावाचे वजन मोजले असता दुधाच्या प्रमाणाशी त्याचा संबंध आढळला नाही. १९९३ च्या पुढील प्रयोगात गाईचे दूध व चवीने ओळखू न येणारे सोयाबीनचे पेय यांची तुलना केली गेली. घसा दाट झाल्याची व लाळ घट्ट झाल्याची जाणीव दोन्ही पेयांनंतर सारखीच होती. दूध लाळेत मिसळून काही काळ तोंडात व घशात पातळ थर राहतो, ती जाणीव म्हणजेच कफ असे वाटते.

तथापि विषय येथे संपत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत घशात सतत स्राव साठल्याची तक्रार असलेल्या १०८ व्यक्तींचा समावेश होता. त्यांत दूध घेणाऱ्या गटापेक्षा सोयाबीनचे पेय घेणाऱ्या गटाने आपली तक्रार कमी झाल्याचे नोंदविले. निरोगी माणसांबाबत जे खरे, ते त्रास असलेल्या प्रत्येकाबाबत खरे असेलच असे नाही, एवढे यावरून म्हणता येते.

डोकेदुखी नेमकी कोणती? :

आतापर्यंतचा वाद दूध आणि कफ यांच्यापुरता होता. परंतु साखळीतील तिसरी कडी, म्हणजे डोकेदुखी, हीच सर्वांत कमकुवत ठरली. १९४३ मध्ये अमेरिकेत हॅरल्ड वूल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकाचे अंतर्भाग व पोकळ्या यांना प्रत्यक्ष स्पर्श व दाब देऊन वेदना तपासली. पोकळ्यांचे आतील आवरण वेदनेस तुलनेने कमी संवेदनशील असल्याचे आढळले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 'सायनसची डोकेदुखी' असे स्वतः किंवा डॉक्टरांनी ठरविलेल्या २,९९१ रुग्णांची तपासणी झाली. त्यांपैकी ८८ टक्के रुग्णांची लक्षणे मायग्रेनच्या प्रकारात बसली.

असे का घडते, याचे स्पष्टीकरण मज्जातंतूंच्या रचनेत आहे. कपाळ, डोळे, गाल व नाक यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूद्वारे मेंदूकडे जातात. मायग्रेनच्या झटक्यात तो उद्दीपित झाला की प्रतिक्षिप्त क्रियेने नाक चोंदते, नाकातून पाणी येते, डोळे पाणावतात. हवामान बदलले की डोके दुखते, हेही दोन्हींत समान. रुग्णास नाक चोंदलेले प्रत्यक्ष जाणवते, म्हणून दोष नाकाचा वाटतो.

या पार्श्वभूमीवर लंडनमध्ये मुलांवर झालेला एक जुना प्रयोग नव्याने वाचावा लागतो. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वारंवार तीव्र मायग्रेन होणाऱ्या ८८ मुलांना मोजक्या पदार्थांचा आहार दिला असता ९३ टक्के मुलांचा त्रास थांबला. पुढे त्यांपैकी ४० मुलांना त्रासदायक पदार्थ ओळखू येणार नाही अशा रीतीने परत देऊन खातरजमा करण्यात आली. अशा पदार्थांत गाईचे दूध अग्रस्थानी होते. ही तीव्र विकाराची निवडक मुले होती, त्यामुळे हा निष्कर्ष सर्वांना लागू करता येत नाही. पण दूध सोडून ज्यांची 'सायनसची डोकेदुखी' खरोखर थांबली, त्यांपैकी काहींचे अनुभव कफाविना समजून घेण्याची वाट त्यातून दिसते.

पथ्याचे आजचे महत्त्व :

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. मायग्रेनला सायनस म्हटले की रुग्ण वर्षानुवर्षे वाफारे, नाकातील थेंब व गरज नसलेली प्रतिजैविके घेत राहतो. मायग्रेनवरील योग्य उपचार मात्र मिळत नाहीत. वेदनाशामक गोळ्या महिन्यातील निम्मे दिवस घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडते.

दुसरी बाजू पोषणाची. मांस-मासे-अंडी न खाणाऱ्या कुटुंबांत दूध, दही व ताक हाच बी-१२ जीवनसत्त्वाचा प्रमुख नैसर्गिक स्रोत असतो, आणि कॅल्शियमचाही मोठा भाग त्यातूनच मिळतो. अशा घरातील वाढत्या मुलीचे किंवा गर्भवती स्त्रीचे दूध कोणतीही मुदत न ठरविता बंद करणे म्हणजे एका अनिश्चित लाभासाठी निश्चित हानी पत्करणे होय. दूध सोडून पाहायचेच असल्यास रो यांच्या पद्धतीतील दोन्ही पायऱ्या पाळल्या पाहिजेत. डोकेदुखीची रोज नोंद ठेवून ठरावीक आठवडे दूध वगळावे व नंतर ते पुन्हा सुरू करून पाहावे. फरक न दिसल्यास पथ्य संपवावे. फरक दिसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पर्यायी पोषणाची सोय करावी.

निष्कर्ष :

१) डोकेदुखीत दूध वर्ज्य करण्याचे पथ्य अतिप्राचीन आहे, परंतु ग्रीक व भारतीय या दोन्ही परंपरांत ते सशर्त होते.
२) शास्त्रातील 'कफ' आणि नाकातील स्राव यांची सरमिसळ झाल्याने या पथ्याला आजचे सरधोपट रूप आले.
३) निरोगी व्यक्तींत दुधामुळे नाकातील स्राव वाढत असल्याचे प्रयोगांत आढळले नाही, काही त्रासग्रस्तांना मात्र दूध सोडल्याने आराम वाटतो.
४) 'सायनसची डोकेदुखी' म्हणून ओळखला जाणारा त्रास बहुतांश वेळा मायग्रेन असतो.

रुग्णाला आलेला आराम खोटा नसतो. त्याचे सांगितले जाणारे कारण चुकीचे असू शकते. प्राचीन वैद्य पथ्य सांगण्यापूर्वी डोकेदुखी कोणती, हे विचारीत असत. दूध बंद करण्यापूर्वी तोच प्रश्न आजही विचारला जाणे आवश्यक आहे.